रोहिदासची फाकवलेली बोटं

रोहिदासला खुर्चीत पाठ टेकून बसलेला तळवड्यात कुणी पाहिलेला नाही. साखरपुड्यात तो पाटावरून उठला होता, कारण मांडवातला फॅन खडखडत होता. भटजी मंत्र म्हणत होते आणि नवरदेव स्टुलावर उभा राहून फॅनच्या टोपीचा स्क्रू आवळत होता. साधनाच्या माहेरी ही गोष्ट अजून सांगतात. तिची आई कौतुकानं सांगते, साधना तशी सांगत नाही.

वय सदतीस. आयटीआय फिटर. आतापर्यंत सहा कंपन्या झाल्या. पहिली भोसरीतली प्रेसशॉप, तिथून तळवड्यातच एक फॅब्रिकेशनचं शेड, मग चिखली, मग आणखी दोन, आणि सध्या चाकणला शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये. कुठूनही कुणी काढलं नाही. याचंच मन उठायचं. त्याचे वडील भैरूआबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या रोहिदासला समदं येतंय. फकस्त थांबाय येत न्हाई."

हे बोलणं रोहिदासला लागतं, कारण त्यामागं एक जुनी जखम आहे. गावच्या कबड्डी संघात तो सात वर्षं होता आणि सातही वर्षं राखीव होता. चपळाईत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. पण ऐन सामन्याच्या वेळी कॅप्टन म्हणायचा, "रोहिदास, तू बस जरा. तुझं काय सांगता येत न्हाई." मग तो बाकावर बसायचा, म्हणजे बाकाच्या मागं येरझाऱ्या घालायचा.

डिस्क गोल्फ त्याच्या आयुष्यात आला तो एका मोबाइलमधल्या फोटोतून. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असताना आयटी पार्कमधला निमिष नावाचा एक चष्मेवाला पोरगा आला. फोटोत लोखंडी खांबावर एक टोपली होती आणि तिच्या वर गोलाकार साखळ्या लोंबत होत्या.

"अशा नऊ हव्यात."

"कोंबड्या झाकायला?" रोहिदासनं विचारलं.

निमिषनं समजावलं. प्लास्टिकची चकती लांबून फेकायची, कमीत कमी फेकींत त्या टोपलीत घालायची, साखळ्या तिला अडवतात. रोहिदासनं टोपल्या बनवल्या, पण साखळी खरंच अडवते का हे बघितल्याशिवाय माल सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यानं एक चकती मागून घेतली आणि शेडमध्येच फेकून पाहिली. संध्याकाळी साडेसात वाजता मालकानं दिवे बंद केले तेव्हा तो अजून पाहतच होता. त्याला आता चार वर्षं झाली. गावात या खेळाला 'ताटल्या' म्हणतात. भावकीतल्या यशवंतरावांची नदीकडची पडीक जमीन, जिथं अजून बिल्डरचा पत्रा लागलेला नाही, तिथं नऊ टोपल्या उभ्या आहेत. बाभळी आहेत, घाणेरीची झुडपं आहेत, आणि दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाचगणीला जोडीची स्पर्धा होती आणि या मैदानातून एकच जोडी जाणार होती. रविवारी नऊ टोपल्या खेळायच्या, जी जोडी जिंकेल ती पाचगणीला. जोडीत आळीपाळीनं फेकायचं. निमिष आणि रोहिदासची वाटणी जुनी होती. निमिष लांबची पहिली फेक करणार. मग वीस-पंचवीस पावलांवरून चकती टोपलीच्या पायाशी नेऊन ठेवायची, ते काम रोहिदासचं. मग निमिष ती अलगद साखळ्यांत टाकणार.

रोहिदासची ही मधली फेक फोरहँड असते. कोपर कमरेशी, तळवा वर, आणि मनगटाचा एक झटका; नदीत चपटा दगड भिरकावून टप्पे काढतात तसा. फेक उत्तम होती. फक्त चकती धरायची कशी, हे चार वर्षांत ठरलेलं नव्हतं. मधलं बोट कडेच्या आतून लागतं, एवढं सगळ्यांना मान्य. पण तर्जनीचं काय करायचं? ती मधल्या बोटाला जुळवून ठेवायची, की फाकवून चकतीच्या पोटाखाली टेकवायची, की सरळ बाहेर काढून एकाच बोटावर काम भागवायचं? रोहिदास सोमवारी जुळवायचा, बुधवारी फाकवायचा आणि रविवारी एकाच खेळात तिन्ही करून मोकळा व्हायचा.

गेल्या रविवारी खेळ संपल्यावर निमिषनं त्याला बाजूला घेतलं. निमिष सभ्य मुलगा. त्याला कुणाला वाईट सांगायचं असलं की तो आधी चष्मा पुसतो.

चष्मा पुसत तो म्हणाला, "रोहिदासभाऊ, बुधवारी मला ग्रुपवर जोड्यांची नावं टाकायचीत. तोपर्यंत तुमची एक पकड ठरवा. कुठलीही चालेल, पण एकच. नाहीतर मी ज्ञानेश सरांना घेतो."

ज्ञानेश सर पिंपरीच्या एका शाळेत गणित शिकवतात. चकती अशी फेकतात की जणू फळ्यावर रेघ ओढताहेत. दरवेळी तीच रेघ.

"म्हंजे मी राखीव," रोहिदास म्हणाला.

"तसं नाही हो."

"तसंच हाय."

घरी येऊन त्यानं जेवणात तीन वेळा मीठ घेतलं आणि चौथ्यांदा वाटी साधनानं उचलून ठेवली.

रात्रीतून त्याला उपाय सुचला, आणि तो त्याच्या धंद्यातलाच होता. कंपनीत दोन पद्धतींत वाद झाला की वाद घालत नाहीत, ट्रायल घेतात. म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस पहिली शिफ्ट सुटल्यावर चाकणहून तो थेट मैदानात गेला. वीस पावलं मोजून रेघ मारली. टोपलीभोवती दोन पावलांचा गोल आखला. एकेका पकडीनं तीस-तीस फेकी, गोलात पडली तर ओके, बाहेर पडली तर रिजेक्ट. कंपनीच्या तपासणीच्या कोऱ्या कागदावर त्यानं खुणा केल्या. पार्ट नेम या रकान्यात 'तर्जनी' लिहिलं.

निकाल स्वच्छ होता. बोटं जुळवली की अकरा ओके. एकाच बोटावर आठ. फाकवून बावीस.

बुधवारी संध्याकाळी त्यानं कागदाचा फोटो निमिषला पाठवला. निमिषनं अंगठा पाठवला आणि ग्रुपवर नावं टाकली: निमिष–रोहिदास. ज्ञानेश सरांनी मग आयटी पार्कमधल्या मोनिकाला जोडीला घेतलं. मोनिका निमिषच्याच ऑफिसातली, आणि लांब फेकण्यात निमिषपेक्षा दोन हात पुढं.

त्या रात्री रोहिदास सलग सहा तास झोपला. साधनानं मध्ये उठून पंख्याकडं पाहिलं, बिघडलाय की काय म्हणून.

गुरुवार उजाडला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी. म्हणून नवरा कंपनीत आणि बायको ऑफिसात असली तर त्या घरात दोघांची भेट रीतसर ठरवावी लागते. रोहिदासनं सुट्टीची आंघोळ केली, पोहे खाल्ले, आणि नक्की झालेल्या पकडीवर नुसता हात फिरवून यावा म्हणून दहा वाजता मैदानात गेला.

पहिली फेक डावीकडं गेली. दुसरी डावीकडं. तिसरीही. त्यानं वारा पाहिला, गवताचं पातं हलत नव्हतं. चकती बदलली. बूट बदलले, म्हणजे काढले. वीस फेकी झाल्या, गोलात दोन. उरलेल्या अठरा त्यानं शिव्या देत उचलल्या आणि पिशवीत कोंबल्या. काल बावीस, आज दोन. माणूस एका रात्रीत एवढा बिघडू शकत नाही. मशीनसुद्धा बिघडत नाही.

दुपारभर तो घरात फिरत राहिला. गॅसची नळी तपासली. दाराच्या बिजागरीला तेल घातलं. भाडेकरूंच्या नळाचा वायसर बदलला, जो गळत नव्हता.

"व्हतंय काय तुला?" आबा म्हणाले.

"काय न्हाई."

"मग त्या नळानं तुझं काय केलंय?"

साधना मोरीत बसली होती. त्याच्या पिशवीतल्या चकत्या मातीनं माखल्या होत्या आणि पिशवी तिला दळणाला न्यायची होती, म्हणून ती चकत्या घासत होती. काही वेळानं तिनं आतूनच हाक मारली.

"अहो, या ताटल्यांना कडेनं काय लावलंय?"

"कुठं काय?"

"तेल आहे हो. तुमच्या कंपनीच्या शर्टाला येतो तोच वास. दोनदा घासलं तरी चिकट लागतंय."

रोहिदास मोरीच्या दारात उभा राहिला. तिच्या हातातली चकती घेतली, कडेच्या आतून बोट फिरवलं. मग तिथंच उंबऱ्यावर बसला.

शाफ्ट तयार झाला की गंज लागू नये म्हणून त्याला तेलात बुडवतात. रोहिदास दिवसाला चारशे तेलकट शाफ्ट उघड्या बोटांनी फिरवून पाहतो. सुटल्यावर साबणानं हात धुतो, पण ते तेल कातडीत मुरतं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरच सुटतं. म्हणजे तीन दिवस त्यानं ट्रायल घेतली ती निसरड्या बोटांची. जुळवलेली बोटं सटकत होती आणि फाकवलेली तेवढी टिकत होती. आणि रविवारी त्यानं नेहमीसारखी कंपनीतल्या कुलदीपशी शिफ्ट बदलून घेतलेली, म्हणजे हात आंघोळ केलेले, कोरडे असणार. कंपनीत एखाद्या पोरानं शाफ्ट न पुसता माप घेतलं असतं तर रोहिदासनं त्याला अख्ख्या लाइनसमोर सोलला असता.

"काय झालं?" साधनानं विचारलं.

"आख्खा लॉट रिजेक्ट."

बाहेर अंधार पडला होता, आणि आता दोनच दिवस उरले होते. कोरड्या हातानं परत ट्रायल घ्यायची तर वेळ कुठली? पहाटे सहाला कंपनीची बस, तेव्हा मैदानात चकतीचं सोडा, टोपलीसुद्धा दिसत नाही. शुक्रवारी त्यानं रबरी हातमोजे घालून काम करून पाहिलं.

शेजारच्या टेबलावरचा कुलदीप म्हणाला, "भावा, ऑपरेशन हाय का आज? पेशंट कुठंय?"

"गप बस."

"न्हाई, नातेवाइकांना आत सोडू का, म्हणून इचारतो."

अर्ध्या तासात एक शाफ्ट त्याच्या हातातून पुढं गेला आणि कसंतरी वाटून त्यानं तो परत ओढला. मोजा काढून नख फिरवलं. खाचेच्या काठावर बारीक बर होता, केसाएवढा धातूचा काटा, उघड्या बोटाला लगेच कळला असता असा. रोहिदासनं दोन्ही मोजे काढून ड्रॉवरमध्ये टाकले आणि मागचे तीसच्या तीस शाफ्ट पुन्हा तपासले. ताटल्या आपल्या जागी, पण शाफ्ट कुणाच्या तरी गाडीत जाणार होता.

शनिवारी संध्याकाळी तो निमिषच्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. कामाच्या रकान्यात काय लिहावं हे न सुचून त्यानं 'खाजगी' लिहिलं. निमिष खाली येईपर्यंत त्यानं गेटचा आडणा दोनदा वर-खाली करून घेतला होता.

"माझी ट्रायल चुकली," रोहिदास म्हणाला आणि तेलाची सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्याचं लक्ष निमिषच्या चष्म्याकडं होतं.

निमिषनं चष्मा काढला. पण पुसला नाही. नुसता हातात धरून हसू दाबत राहिला.

"हसतो काय?"

"पार्ट नेम तर्जनी," निमिष म्हणाला, "तेव्हापासून दाबलंय."

"मला काढायचं असंल तर आत्ताच काढ. आयत्या वेळी बसवू नको."

"ज्ञानेश सर मोनिकाबरोबर खेळताहेत आता. आणि भाऊ, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं." निमिषनं चष्मा परत घातला. "उद्या कुठली पकड लावायची ते तुम्ही ठरवा. मला सांगूही नका. फक्त पहिल्या टोपलीला जी लावाल ती नवव्या टोपलीपर्यंत. जमेल?"

"जमंल," रोहिदास म्हणाला. एवढा एकच शब्द बोलायला त्याला गेटभोवती एक चक्कर मारावी लागली.

ठरवायला हाताशी आकडा नव्हता. रात्रभर त्यानं स्वयंपाकघरातली झाकणं धरून पाहिली, तिन्ही तऱ्हेनं. शेवटी फाकवलेली घेतली. कारण काही मोठं नव्हतं. तर्जनी पोटाखाली टेकली की चकती हातात डुलत नव्हती, ताटात भाकरी धरल्यासारखी स्थिर बसत होती. जोर कमी लागतो तिला, पण वीस पावलांना जोर कुणाला हवाय?

रविवारी पहिल्या टोपलीला निमिषनं लांब, सरळ फेक केली. रोहिदासनं बोटं फाकवली, झटका दिला. चकती डावीकडं. तिथून निमिषची फेक चुकली, चार फेकी लागल्या. दुसऱ्या टोपलीला पुन्हा तेच. ज्ञानेश सर आणि मोनिका तीन-तीनमध्ये संपवून सावलीत उभे होते.

निमिष चकती उचलून पुढं चालू लागला. रोहिदासला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याची तर्जनी आपोआप मधल्या बोटाकडं सरकत होती. त्यानं मूठ आवळून हात खिशात घातला. खिशातही बोटं जुळत होती.

तिसऱ्या टोपलीकडं जाताना त्यानं सवयीनं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या फेकीत चकती पडली होती तिथं गवत दबलेलं होतं, टोपलीपासून डावीकडं तीन पावलं. पहिलीही तीनच पावलं होती. त्याला गुरुवार आठवला. त्या अठरा चकत्या उचलताना त्याला फारसं चालावं लागलं नव्हतं. सगळ्या एकाच घाणेरीच्या झुडपापाशी पडल्या होत्या. शिव्या देण्याच्या नादात हे ध्यानातच आलं नव्हतं.

कंपनीत शाफ्ट दरवेळी दोन कणांनी जाड निघत असेल तर मशीन कुणी भंगारात काढत नाही. ऑपरेटर यंत्राला तेवढा ऑफसेट देतो, म्हणजे दोन कण आत सरकून काप असं सांगतो, आणि चहाला जातो. भीती असते ती एक जाड, एक बारीक, एक वाकडा निघणाऱ्या मशीनची. रोहिदासला स्वतःची चार वर्षं डोळ्यांसमोर दिसली. हाताला दरवेळी नवी पकड दिल्यामुळं त्याची चूकसुद्धा कधी एका जागी उभी राहिली नव्हती. कोरड्या बोटांवरून चकती जरा उशिरा सुटत होती, एवढंच. ती रोज तेवढीच उशिरा सुटणार होती.

तिसऱ्या टोपलीला त्यानं बोटांना हात लावला नाही. पाय सरकवले. टोपलीच्या उजवीकडं तीन पावलांवर एक दगड होता, त्या दगडाचा नेम धरला.

"भाऊ, टोपली तिकडंय," निमिष हळूच म्हणाला.

"माहिताय. मीच वेल्ड केलीय."

चकती दगडाकडं निघाली, डावीकडं आली आणि टोपलीच्या खांबाला घासून पडली.

तिथून पुढं आठव्या टोपलीपर्यंत सगळ्या तीन-तीनमध्ये गेल्या. पाचव्याला ज्ञानेश सरांची चकती बाभळीच्या फांदीला लागली आणि सातव्याला मोनिकाची साखळीवरून उसळून बाहेर आली. आठ टोपल्यांनंतर दोन्ही जोड्यांच्या सव्वीस-सव्वीस फेकी. बाकीच्या जोड्या केव्हाच मागं पडून चहाच्या थर्मासपाशी गोळा झाल्या होत्या.

नवव्याला मोनिकाची पहिली फेक बांधाच्या पलीकडं गेली आणि त्यांना चार लागल्या. म्हणजे तीनमध्ये संपवलं की पाचगणी. आणि नेमकी तिथंच निमिषची फेक, दिवसभर सरळ गेलेली, वळून बाभळीखाली घुसली. पुढं बावीस पावलं, डोक्यावर काटेरी फांदी, आणि नदीकडून वारा सुटलेला.

रोहिदास फांदीखाली वाकून उभा राहिला. मागं निमिष. त्याच्या चष्म्याला आता चैन पडत नव्हतं.

"भाऊ, वारा आहे. इथून जुळवून टाका ना. जोर बसेल."

रोहिदासनं वळून पाहिलं.

"एकदाच," निमिष म्हणाला. "नाहीतर एकच बोट..."

"निमिष, तू जरा तिकडं बस. तुझं आज काय सांगता येत न्हाई."

निमिष खरंच दोन पावलं मागं सरकला. रोहिदासच्या मनगटात मुंग्या होत्या, डाव्या पायाची टाच उचलली जात होती. त्यानं ती उचलू दिली. बोटं तेवढी जागेवर ठेवली, एक कडेला, एक पोटाखाली. वारा उजवीकडून होता म्हणून नेम तीनऐवजी चार पावलं उजवीकडं धरला, आणि सोडली.

चकती फांदीखालून खाली-खाली गेली, डावीकडं कलली, टोपलीच्या अलीकडं जमिनीला लागली, घसरली आणि खांबापासून हातभर अंतरावर थांबली. ज्ञानेश सरांनी दोन टाळ्या वाजवल्या, मोजून. निमिष चालत गेला, चकती उचलून साखळ्यांत टाकली. त्या खुळखुळल्या आणि चकती टोपलीत बसली.

सगळे गोळा झाले. मोनिकानं रोहिदासचा हात उलटा करून बोटं बघितली, जणू त्यात काही लपवलंय. ज्ञानेश सरांनी विचारलं, "तुम्ही नेम सगळीकडं चुकीचाच धरत होता ना?"

"व्हय, पण दरवेळी सारखाच चुकीचा."

सरांनी हवेत बोटानं एक तिरकी रेघ ओढून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे."

निमिष फोनवर पाचगणीवाल्यांना नावं पाठवत होता. बटण दाबायच्या आधी त्यानं मान वर केली.

"भाऊ, तिकडंही हीच पकड ना?"

रोहिदासनं चकती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आभाळाकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं.

"न्हाई ठरलं अजून."

निमिषचा अंगठा बटणावर जिथल्या तिथं राहिला. चष्मा नाकावरून घसरला, तरी त्यानं तो वर केला नाही. रोहिदासनं त्याला तसाच मनात दहापर्यंत मोजून उभा ठेवला.

"हीच रे," तो म्हणाला. "पाठव."